मखरातली शर्यत

पेणच्या एका गल्लीत चौदा फुटी गणपतीच्या मुकुटाने इंटरनेटची वायर तोडली.

लांबच्या कुठल्याशा थंड देशात एक अस्वल रोज संध्याकाळी दोनदा हॉर्न वाजवतं.

रोह्याच्या गिरजाबाईंना मूर्तीच्या डोळ्यांत केसाएवढा फरक चालत नाही.

स्टिअरिंगवर लाल कापड टाकलं की स्टिअरिंग दिसत नाही. दुसरंच काहीतरी दिसतं.

दिनानाथकाकांच्या कारखान्याच्या पाटीवर काकांच्या नावापुढे हातभर जागा मोकळी आहे.

हे पाच तुकडे एका हरताळकेच्या दिवशी एकमेकांवर आपटले. कसे, ते ऐका. पण दम धरा, कारण निकेशला दम नव्हता म्हणून तर हे सगळं झालं!

"जगात एक नंबर येणार, काका!" निकेशने ब्रश हवेत नाचवला. "पेण तालुक्यात नाय, रायगड जिल्ह्यात नाय. जगात!"

दिनानाथकाका एका मूर्तीच्या पितांबराला सोनेरी काठ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आता कितवा हायस?"

"दुसरा."

"कितीजणांत?"

इथे निकेश ब्रश धुवायला लागला. कारण मोटारींच्या त्या ऑनलाइन खेळात आता जगभरात मिळून माणसंच दोन उरली होती.

पण हे असं एका दिवसात झालेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी धरमतरच्या बार्जवर काम करणाऱ्या एका मित्राकडून निकेशने ते गेमचं मशीन घेतलं, तेव्हा त्यावर नुसती जत्रा होती! मोटारींच्या शर्यतीत लाखो माणसं. कानाला हेडफोन लावला की चाळीस भाषांतल्या शिव्या ऐकू यायच्या. निकेशचा नंबर होता चार लाख अडतीस हजार आणि काहीतरी. मग कंपनीने ऑनलाइन खेळायचे पैसे लावले. अर्धे उठून गेले, निकेश वर सरकला. मग कंपनीने नवं मशीन काढलं. उरलेल्यांतले बहुतेक तिकडे गेले, निकेश आणखी वर! मग मशीनवरचं दुकान बंद झालं, नव्या गाड्या मिळेनात. मग बोलणं बंद. मग निरोप धाडणं बंद. मित्रांच्या यादीतली नावं एकेक करून राखाडी पडली. कंपनीने एकेक सोय काढून घ्यावी आणि निकेशने एकेक पायरी चढावी! चाळीतली बिऱ्हाडं सोडून गेली की उरलेला भाडेकरू आपोआप अध्यक्ष होतो, तसा तो दुसऱ्या नंबरवर येऊन बसला.

पहिल्या नंबरवर अस्वल. म्हणजे त्या खेळाडूच्या नावाशेजारी अस्वलाचं चित्र होतं. नाव कुणाला वाचता येईना, म्हणून सगळा कारखाना त्याला अस्वलच म्हणे. बोलायची सोय गेल्यापासून निकेश आणि अस्वल हॉर्नवर बोलत. एकदा हॉर्न म्हणजे आलो. दोनदा म्हणजे पुन्हा खेळू. इतकं सरळ बोलणं निकेशचं सख्ख्या नातेवाइकांशीही होत नव्हतं.

आणि आता कंपनीने जाहीर केलं होतं की हरताळकेच्या संध्याकाळी सात वाजता जे काही उरलंसुरलं आहे तेही बंद.

"तुमच्या ध्यानात येत नाय, काका! सात वाजता बंद झालं की पुढं कोण खेळणारच नाय. मग त्या वेळेला जो पहिला, तो कायमचा पहिला! सूर्य विझला तरी पहिला!"

"हूं."

"मग तरी पाटीवर नाव घालाल?"

काकांचा ब्रश थांबला. हे दुखणं जुनं होतं. कारखान्यातल्या मूर्तींचे डोळे गेली सात वर्षं निकेश काढत होता. लोक पनवेलहून, अलिबागहून यायचे आणि म्हणायचे, "दिनानाथांच्या गणपतीचे डोळे म्हणजे काय बोलायचं!" निकेश शेजारीच उभा असायचा, कोपरापर्यंत रंगलेला. त्याला लोक चहा आणायला सांगायचे.

"कशात तरी पहिला येऊन दाखव," काका म्हणाले. "मग घालतो."

"दिनानाथ आणि पुतण्या?"

"निकेश असंच घालीन. पुतणे मला चार हायत."

झालं! निकेशला एवढंच हवं होतं. आता एक शर्यत, एक विजय, आणि पाटी!

दुसऱ्याच दिवशी मंडळाची चौदा फुटी मूर्ती गल्लीतून निघाली. पुढे दोघे बांबूने वायरी वर उचलत होते. तिसऱ्या वायरीला बांबूवाल्याला शिंक आली.

केबलवाला म्हणाला, "आता गणपतीनंतर."

"अरे, मला हरताळकेला पायजे!"

"मग गणपतीला सांगा. तोडली त्यानंच."

मोबाइलवरून जोडून बघितलं. पण ते म्हातारं मशीन नव्या वायफायला ओळखच देईना, लांबच्या लग्नात बसलेल्या आजोबांसारखं! त्याला वायरच लागायची. म्हणजे वायर असलेलं घर हवं. असं घर म्हणजे रोह्याची अनिताताई, निकेशची मोठी बहीण. तिचा नवरा गणेश एमआयडीसीत शिफ्टला, घरी इंटरनेटचा पक्का डबा.

हरताळकेला सकाळी कारखान्याचा शेवटचा टेम्पो रोह्याला जाणार होता. निकेशला मात्र दुपारपर्यंत उरलेले डोळे काढायचे होते. त्याने ठरवलं, मशीन टेम्पोतून पुढे, आपण मोटारसायकलने मागून.

आता पेणच्या माणसाला एखादी नाजूक वस्तू बांधायला सांगा. तो ती एकाच पद्धतीने बांधणार! निकेशने पाट घेतला. पाटावर मशीन उभं केलं. त्यावर स्टिअरिंग बसवलं. पायाने दाबायची पॅडलं पुढ्यात, उंदीर असतो तिथे. चोहोबाजूंनी दुप्पट पेंढा, आणि वरून कोरं लाल कापड, गळ्याशी सुतळीने बांधून. चार पावलं मागे जाऊन त्याने बघितलं. वर गोल प्रभावळ, खाली भरदार पोट. दोन फुटी, बैठी, एक नंबर!

टेम्पोवाल्या जगनला त्याने सांगितलं, "लाल कापडवालं अनिताताईकडं. साधं गिरजाबाईंकडं. आणि ते लाल जपून ने, माझा जीव हाय त्यात."

जगनने मान हलवली. माणूस प्रामाणिक. पण धंद्यात वीस वर्षं काढलेला, हीच काय ती पंचाईत!

निकेश गडब, नागोठणे मागे टाकत कोलाडवरून रोह्याला पोचला तेव्हा दुपार कलली होती. अनिताताईच्या दारात रांगोळी. दाराला तोरण. आत शिलाई मशीनवर जरीची साडी अंथरलेली आणि त्यावर साध्या कापडात बांधलेली, आपल्याच कारखान्याची, गिरजाबाईंची मूर्ती!

ताईने त्याला दारातच मिठी मारली. डोळे रडून लाल.

"निक्या, तुला कसं रे कळलं?"

"काय?"

"आठ वर्षं गडबला जाऊबाईंकडं गणपती. आठ वर्षं मी चुलीपुढं. तीस माणसांचे मोदक! गणपतीचं तोंड मला विसर्जनाला दिसायचं, तेही पाठमोरं! मनात म्हणायचे, एक वर्ष माझ्या घरी यावा. कुणाला बोलले नाय. आणि आज दार वाजलं, उघडते तर जगनच्या हातात..." ती पुन्हा रडायला लागली.

गणेशभाऊजी स्टुलावर चढून लायटिंग लावत होते. "शिफ्ट बदलून आलो, निकेशराव! दारात आलेला गणपती, नाय म्हणायचं तरी कसं?"

 निकेशने गॅलरीत जाऊन जगनला फोन लावला.

"जगन! लाल कापडवालं कुठं दिलंस?"

"गिरजाबाईंकडं!" जगनचा आवाज अभिमानाने भरून आलेला. "तुम्ही गडबडीत उलटं सांगितलंवतं, भाऊ. मी सुधारून घेतलं."

"सुधारून?"

"एवढा पेंढा, कोरं कापड, वरून जीव हाय म्हणता. असले लाड कारखान्यात गिरजाबाईंच्याच मूर्तीचे होतात. मी काय आजचा हाय का?"

निकेशला घड्याळात सात वाजल्याचा भास झाला. प्रत्यक्षात साडेपाच झाले होते.

गिरजाबाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे. निकेश पोचला तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात फुलांचं मखर, समया, उदबत्तीचा धूर, आणि मधोमध लाल कापडात त्याचं मशीन! कापडावर हळद-कुंकू, गळ्यात जास्वंदीचा हार. गुरुजी सकाळी येणार, तोवर तोंडावरचं कापड काढायचं नाही, ही त्या घरची रीत. रीत होती म्हणून वाचला!

गिरजाबाईंचा हरताळकेचा कडक उपास. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी त्यांच्याशी त्यांचे यजमानसुद्धा खुणेने बोलत.

"काय रं, तू कशाला आलास?"

"काकू, ते... मूर्तीत जरासं..."

"जरासं काय? सोंड उडाली?"

"नाय नाय!"

"पाय फुटला?"

"नाय हो!"

"मग जरासं काय?"

"ती दुसरीकडं न्यावी..."

"घरात आलेला गणपती बाहेर?" गिरजाबाई उभ्या राहिल्या. "ओवाळलाय मी त्याला! पायांवर पाणी घातलंय! काय झालंय ते नीट बोल!"

निकेशच्या तोंडातून निघून गेलं, "डोळे राहिलेत!"

 गिरजाबाई झटकन सुनेकडे वळल्या.

"बघ गो नूतन! मी मघाशी काय म्हटलं तुला? कापडातनंच मला कळलं, हा माझ्याकडं बघत नाय!"

"पण सासूबाई, ह्याला मागनं वायर पण आलीय," नूतन म्हणाली.

"लायटिंगवाला असंल. पेणचा हाय तो!"

"मी आता लगेच डोळ्यांची आखणी करतो," निकेश घाईघाईने म्हणाला. "पण डोळे काढताना खोलीत कोण नसतं, तुम्हाला ठाऊकच हाय."

हे गिरजाबाईंना पटलं. त्या सुनेला घेऊन आत गेल्या. दार लागलं. निकेशने हात जोडले, माफी मागितली, आणि मूर्तीचं तोंड उघडलं.

मशीन काही मखरातून हलवायची त्याची छाती झाली नाही. शेजारी टीव्ही होता, साडीने झाकलेला. टीव्हीमागे नूतनच्या नवऱ्याने, प्रवीणने, कंपनीच्या कामासाठी घेतलेला इंटरनेटचा डबा लुकलुकत होता. एक वायर टीव्हीला, एक डब्याला. स्टिअरिंग मांडीवर, पॅडलं पायाशी, पाटाला टेकवून. चालू करायच्या बटणावर कुंकू लागलेलं, तेच दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: नवीन अपडेट.

"आज?" निकेश ओरडलाच. "आज शेवटच्या दिवशी अपडेट?"

"काय म्हणालास?" आतून आवाज.

"रंग! रंग घट्ट झालाय, काकू!"

निळी पट्टी सरकायला लागली. अशी सरकत होती, जशी काय उपास तिचाच आहे! सहा वाजले. साडेसहा. पावणेसात. अपडेट झालं. त्यात कंपनीने एकच नवी गोष्ट दिली होती: इतकी वर्षं सोबत केल्याबद्दल आभार.

सुरुवातीच्या रेषेवर एकच गाडी उभी होती. शेजारी अस्वलाचं चित्र. त्याने एकदा हॉर्न वाजवला. केवढ्याने! टीव्हीचा आवाज गिरजाबाईंच्या कानांच्या मापाने ठेवलेला आणि रिमोट त्यांच्या कनवटीला!

"हा हॉर्न कसला रं?"

"मशीनचा, काकू! रंग भरल्याची खूण!"

दिवा हिरवा झाला. दोन्ही गाड्या डरकाळ्या फोडत सुटल्या.

"आणि ही घरघर?"

"कंप्रेसर! हल्ली स्प्रेनं करतात डोळे!"

पहिल्या फेरीत अस्वल पुढे. दुसऱ्या फेरीत निकेशने घाटातलं वळण जोरात घेतलं, समईला कोपर लागलं, समई सावरायला एक हात सुटला आणि गाडी थेट डोंगरावर! टायर असे किंचाळले की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले.

"अरं, कोण मेलं?"

"नोझल अडकलं!" निकेश घामाने निथळत होता. पाटी! पाटीवरची हातभर जागा! त्याने पॅडल असं दाबलं की मागचा पाट कुरकुरला. तिसरी फेरी. पूल. बोगदा. समोर अस्वलाचे लाल दिवे. उजवीकडून घालावी तर अस्वल उजवीकडे, डावीकडून घालावी तर डावीकडे. बारा वर्षांत निकेशने एवढं ओळखलं होतं की शेवटच्या वळणाला अस्वल जरा सावध होतं, ब्रेक आधी मारतं. निकेशने मारलाच नाही!

गाडी रेषेपार गेली. पडद्यावर मोठा सोनेरी एक.

त्याला ओरडता येईना. त्याने हारातलं एक जास्वंदीचं फूल काढून तोंडात दाबलं आणि उड्या मारल्या.

तेवढ्यात हॉर्न. दोनदा. पुन्हा?

सात वाजायला थोडाच अवकाश होता, शर्यत होणार नव्हती. निकेशनेही दोनदा वाजवला. मग दोन्ही गाड्या नुसत्याच शेजारी शेजारी निघाल्या, सावकाश, कोलाडला चहा प्यायला निघाल्यासारख्या. एक वाजवी, दुसरा उत्तर देई. पुलावरून. बोगद्यातून. मग एका हॉर्नला उत्तर आलं नाही. पडदा काळा.

निकेश स्टिअरिंग धरून तसाच बसला. तोंडातली जास्वंद काढायचं राहूनच गेलं होतं. 

"पयला आलास."

आवाज दारातून नव्हता. स्वयंपाकघराची एक खिडकी हॉलमध्ये उघडत होती, आणि त्या खिडकीत गिरजाबाई उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावरून नूतन.

"काकू... कधीपासून?"

"नोझल अडकल्यापासून. आमच्या मखरात मोटार चालीवतोस? माझा गणपती कुठाय?"

मग निकेशने सगळं सांगितलं, एका दमात, उलटसुलट, अस्वलासकट. गिरजाबाईंनी चपला घातल्या. तहान, उपास, वय, सगळं बाजूला ठेवून त्या अशा निघाल्या की निकेशला मागून पळावं लागलं.

अनिताताई मूर्तीपुढे बसली होती. एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधून झाल्या होत्या. सगळं ऐकल्यावर तिने मूर्तीचा पाट दोन्ही हातांनी धरला.

"न्या," ती म्हणाली. हात मात्र सोडेना.

गिरजाबाईंनी कापडाचं टोक बोटभर उचललं. आतल्या डोळ्यांकडे बघितलं. बराच वेळ. मग टोक खाली सोडलं.

"हा हितंच बघतोय," त्या म्हणाल्या. "राहू दे हितं. पण निकेश, सकाळी गुरुजी यायच्या आत माझ्या मखरात मूर्ती पायजे. आणि डोळे माझ्या पुढ्यात काढायचे. दार लावून नाय!"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दिनानाथकाका स्वतः टेम्पोत बसून आले. मांडीवर कारखान्यात न खपता उरलेली शेवटची मूर्ती, म्हणून बिनडोळ्यांची. जगन शेजारी, खाली मान घालून. निकेश मखरासमोर बसला. गिरजाबाई त्याच्या खांद्याला नाक लावून.

"कंप्रेसर नाय लागत?"

"नाय, काकू."

एकाच दमात एक रेघ. दुसऱ्या दमात दुसरी. मग बुबुळं. गिरजाबाईंनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि पहिल्यांदाच चूक सापडली नाही म्हणून जरा हिरमुसल्या. "बघतोय," त्या शेवटी म्हणाल्या.

"ते असू दे," काका म्हणाले. "एक नंबरचं काय झालं? दाखव."

निकेशने मखरातून काढून ठेवलेलं मशीन चालू केलं. पडद्यावर एकच ओळ: सेवेशी संपर्क होऊ शकत नाही.

"कुठाय नंबर?"

"होता, काका. म्हणजे हाय. कायमचा हाय. फक्त दिसत नाय."

"दिसत नाय असा नंबर कसला रं?"

"पयला आला तो!" गिरजाबाई कडाडल्या. "मी डोळ्यांनी बघितलं. आधी डोंगरावर आपटला, मग पयला आला. मखरासमोर उभी हाय मी, खोटं बोलंन व्हय?"

काकांनी मखराकडे बघितलं. मूर्तीने काकांकडे बघितलं. निकेशचेच डोळे ते, चुकवणार कसे?

अनंत चतुर्दशी झाली आणि पाटी उतरवली गेली. निकेशने ती स्वतः रंगवली: दिनानाथ आणि निकेश. खाली, काकांची नजर चुकवून, बारीक अक्षरांत: जगात एक नंबर. येणारा-जाणारा थांबून वाचतो, मग आत डोकावतो. आता निकेशला चहा आणायला कुणी सांगत नाही.

त्या खेळातले जागतिक क्रमांक कंपनीने अक्षय तृतीयेलाच, अस्वल पहिलं असताना, गोठवले होते.